गुंजभर

आईच्या लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, शालूच्या घडीखाली, एक पितळी करंडा निघाला. त्यात दहा ग्रॅमची एक वेढणी होती आणि तळाशी नऊ गुंजा होत्या. वेढणी तिने एकदम घेतलेली नव्हती. गुरुपुष्याला गुंजभर, कधी जमेल तसे ग्रॅम-अर्धा ग्रॅम, असे करत साठवलेले मणी आणि तुकडे तिने एकदाच मोडले आणि ही शुद्ध सोन्याची वेढणी घेतली. त्या पेढीची पावतीही चौघडी करून करंड्यातच ठेवलेली होती आणि पावतीवर वजन होते १०.००० ग्रॅम. शेवटच्या आजारपणात तिने मला एवढेच सांगितले होते, की वेढणी दोघी नातींची, निम्मी निम्मी. ती विकून पैसे वाटायचे नाहीत, सोनेच वाटायचे. वर्षश्राद्ध झाल्यावर श्रावणातल्या एका दुपारी मी माझ्या भाचीला बरोबर घेऊन लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीत गेले.

कारागीर पेढीच्या मागच्या बाजूला, खिडकीखाली मांडी घालून बसला होता. त्याने वेढणी हातात घेऊन थोडी उलगडली, दोऱ्याने लांबी मोजली आणि जाड कात्रीने मधोमध कातरली. कट्‌ असा अगदी बारीक आवाज झाला. आईच्या अनामिकेच्या मापाने वळवल्यामुळे सोन्याला तिच्या बोटाची गोलाई आली होती आणि कातरल्यावर दोन्ही तुकड्यांत ती निम्मी निम्मी राहिली. टोके टोचू नयेत म्हणून त्याने दोन्हींवर कानस फिरवली आणि पडलेला कीस कुंचल्याने एका वाटीत लोटला. मग काचेच्या पेटीतल्या काट्यावर एकेक तुकडा ठेवला. पेटीचे दार लावल्याशिवाय काटा स्थिरावत नाही, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासानेही शेवटचा आकडा हलतो. एक तुकडा ५.००३ भरला, दुसरा ४.९९५. भाचीने मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाली, “आत्या, दोन कमी आले.” गल्ल्यावरच्या वयस्कर गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिले आणि अतिशय सौम्यपणे सांगितले, “दोन मिली कानशीत गेलं, बाळ. तेवढं धरायचं नसतं.”

त्यांचे काहीच चुकले नव्हते. तरीही ‘तेवढं धरायचं नसतं’ हे शब्द माझ्याबरोबर घरापर्यंत आले.

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. आठवीच्या वर्गाला अणूचा धडा शिकवताना फळ्यावर तीन रकान्यांचा तक्ता काढायचा, प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन अशी नावे लिहायची, त्यांच्याखाली प्रभार आणि वस्तुमान भरायचे आणि तिसऱ्या रकान्याशी आल्यावर म्हणायचे, की इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट कमी असते, म्हणून अणूच्या वस्तुमानात ते नगण्य मानतात. हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेन याची मोजदाद नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, “बाई, नगण्य म्हणजे कोणी मोजलंच नाही?” मी त्याला सांगितले, “मोजलंय, पण धरायचं नाही.” तास संपला, फळा पुसला गेला. तो मुलगा पुढे काय झाला मला माहीत नाही, पण त्याचा प्रश्न त्या दिवशी पेढीच्या पायऱ्या उतरताना परत भेटला. त्याला दिलेले उत्तर आणि गल्ल्यावरच्या गृहस्थांनी माझ्या भाचीला दिलेले उत्तर जवळजवळ सारखेच होते.

रात्री जेवणे आटोपल्यावर मी पेढीच्या नव्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. सोन्याच्या बाबतीत तो सोपा पडतो. क्लोरीनसारखे मूलद्रव्य घेतले तर अणुवस्तुमान ३५.५ च्या आसपास येते आणि मुले हमखास विचारतात, की बाई, अर्धा न्यूट्रॉन कसा असेल? मग त्यांना सांगावे लागते, की निसर्गातल्या दर चार क्लोरीन अणूंपैकी साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा असतो, आणि आपण पुस्तकात सरासरी लिहितो. सोन्यात ही भानगड नाही. निसर्गातले सगळे सोने एकाच प्रकारच्या अणूंचे असते. प्रत्येकात ७९ प्रोटॉन, ११८ न्यूट्रॉन आणि ७९ इलेक्ट्रॉन. म्हणजे दहा ग्रॅमच्या वेढणीत ढोबळमानाने चार ग्रॅम प्रोटॉनांचे आणि सहा ग्रॅम न्यूट्रॉनांचे. (बाजारात आपण वजन म्हणतो आणि वर्गात वस्तुमान; इथे मी दोन्ही शब्द वापरणार आहे, कारण आईने वजनच केले होते.) मग मी इलेक्ट्रॉनांचा हिस्सा काढला. एका इलेक्ट्रॉनचे वस्तुमान अणुवस्तुमानाच्या एककात ०.०००५४८६. त्याला ७९ ने गुणले, सोन्याच्या अणूच्या १९६.९६७ ने भागले, दहा ग्रॅमने पुन्हा गुणले. उत्तर आले २.२ मिलिग्रॅम.

मी आकडेमोड तीन वेळा तपासली.

कानशीत गेलेला कीस आणि आईच्या वेढणीतल्या एकूण एक इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान, दोन्ही जवळजवळ सारखेच. अर्थात कानशीला इलेक्ट्रॉन वेगळे काढता येत नाहीत. तिने सबंध अणूच काढले होते आणि ते त्या वाटीत पडले होते. पण जे धरायचे नसते ते किती असते, हे मला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसले होते. पिवळा, कुंचल्याच्या केसांना चिकटलेला, हातात घेतला तर बोटाच्या रेषेत मावेल इतका चिमूटभराहूनही कमी कीस. फळ्यावर १८३६ लिहिताना असे काही कधी दिसले नव्हते.

आणि त्या २.२ मिलिग्रॅमच्या जिवावर सोन्याचे सगळे सोनेपण उभे आहे. सोने मऊ असते, गंजत नाही, त्याची तार निघते, ते बोटावर वर्षानुवर्षे तसेच राहते, हे सगळे इलेक्ट्रॉनांच्या रचनेचे करणे आहे. अणुकेंद्राचा त्यातला वाटा एवढाच, की किती इलेक्ट्रॉन सांभाळायचे ते त्याच्या प्रभारावरून ठरते. सोन्याच्या पिवळेपणाची गोष्ट तर मी निवृत्तीनंतर वाचली आणि वर्गात सांगायची राहून गेली याची आजही चुटपुट आहे. सोन्याच्या अणुकेंद्राचा प्रभार इतका मोठा असतो, की अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहूनही अधिक वेगाने असतात. एवढ्या वेगाला आइनस्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात आणि इलेक्ट्रॉन अधिक जड असल्यासारखे वागू लागतात. त्यामुळे आतल्या कक्षा आकसतात, त्याचा परिणाम बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचतो आणि सोने निळा प्रकाश शोषू लागते. निळा गेला की उरतो तो पिवळा. हा परिणाम नसता तर सोने चांदीसारखे पांढरट दिसले असते. ज्याला आपण नगण्य म्हणतो, त्याच्या जडपणात थोडी वाढ झाली म्हणून सोने सोन्यासारखे दिसते.

हिशेब इथे थांबायला हरकत नव्हती, पण बिलावर जागा शिल्लक होती आणि झोप येत नव्हती. मी सुट्या कणांची बेरीज मांडली. ७९ प्रोटॉन, ११८ न्यूट्रॉन, ७९ इलेक्ट्रॉन, प्रत्येक वेगवेगळा तोलला तर एकूण होते १९८.६४. सोन्याचा अणू प्रत्यक्षात भरतो १९६.९७. दीडाहून अधिक एकके कुठे तरी गेलेली आहेत. हे मला माहीत होते. वस्तुमानातली तूट म्हणून मी ती शिकलेही होते. पण आईच्या दहा ग्रॅमला ते प्रमाण लावल्यावर आकडा आला ८५ मिलिग्रॅम आणि लक्षात आले, की सराफ ज्याला घट म्हणतात तीच ही. सोने आटवताना, ठोकताना, कानस मारताना घट येते आणि दागिन्याच्या किमतीत ती आधीच धरलेली असते. अणूलाही घडताना घट येते. फरक एवढाच, की सराफाकडची घट वाटीत सापडते, तिचा कीस गोळा करून पुन्हा मुशीत घालता येतो. अणूची घट ऊर्जा होऊन केव्हाच निघून गेलेली असते. दहा ग्रॅम सोन्याचे सगळे कण सुटे करायचे ठरवले तर तेवढी ऊर्जा परत भरावी लागेल आणि ती थोडीथोडकी नाही. ८५ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे २१ लाख युनिट वीज. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या आमच्यासारख्या घराला ती सुमारे पावणेनऊशे वर्षे पुरेल. आईची वेढणी इतकी वर्षे करंड्यात शांत पडून राहिली, तिच्यातला एकही अणू उसवला नाही, तो या न भरलेल्या कर्जाच्या बळावर.

ही घट प्रथम ज्याच्या काट्यावर स्पष्ट उमटली, त्या फ्रान्सिस ॲस्टनबद्दल मला फार आदर वाटतो. केंब्रिजमध्ये १९१९ साली त्याने वस्तुमान वर्णपटलेखक तयार केला. त्यात विद्युतभारित अणूंना विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जाऊ देतात. जड अणू कमी वळतो, हलका अधिक, आणि प्रत्येकाची रेघ छायाचित्रणाच्या पट्टीवर वेगळ्या जागी उमटते. अणूंसाठीचा काचेच्या पेटीतला काटाच तो. ॲस्टनला दिसले, की बहुतेक अणूंची वस्तुमाने जवळजवळ पूर्णांकात येतात, पण हायड्रोजन मात्र एकाहून किंचित अधिक भरतो, १.००८. चार हायड्रोजन मिळून एक हेलियम होत असेल तर हजारात सात भाग वस्तुमान कमी होते. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनने या सात भागांवर बोट ठेवून सूर्याच्या ऊर्जेचा उगम तिथे असावा असे सुचवले. सूर्य या रीतीने दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान गमावतो. आमच्या वाड्याच्या गच्चीवर आई उन्हाळ्यात कुरडया आणि सांडगे वाळत घालायची, तेव्हा तिच्या सुती साडीच्या पदराखाली मी बसायचे आणि पदरातून येणारे ऊन केशरी दिसायचे. ते ऊन म्हणजे हायड्रोजनची घट होती, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. पण कळल्यावरही त्या आठवणीतल्या पदराचा रंग बदलला नाही.

एडिंग्टनच्या त्या काळात न्यूट्रॉन अजून कोणाला माहीतही नव्हता. हेलियमचा प्रभार दोन आणि वस्तुमान चार. मग उरलेले दोन कोणाचे, हा प्रश्न होता. अणुकेंद्रात जास्तीचे प्रोटॉन असावेत आणि त्यांचा प्रभार झाकायला आतच काही इलेक्ट्रॉन असावेत, अशी कल्पना करून लोकांनी दिवस काढले. १९२० मध्ये रदरफर्डने एका प्रभारहीन कणाची शक्यता बोलून दाखवली आणि १९३२ मध्ये त्याचा सहकारी जेम्स चॅडविक याने तो कण दाखवून दिला. आईच्या वेढणीतले दहापैकी सहा ग्रॅम ज्याचे, तो कण माणसाच्या हिशेबात सगळ्यात शेवटी आला. प्रभार नसल्यामुळे तो कुठल्याच विद्युत क्षेत्रात वळत नाही, दाद देत नाही. घरात असे एखादे माणूस असते. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि घराचा अर्धा भार त्याच्यावर असतो. माझा धाकटा काका तसा होता.

न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जरासा जड असतो, हजारात दीड भागाहूनही कमी फरकाने. एकटा पडला तर तो सरासरी पंधरा मिनिटांच्या आत प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो (प्रभार नसलेला, अतिशय हलका कण) यांच्यात मोडतो. सोन्याच्या अणुकेंद्रात मात्र तो कायमचा टिकतो, कारण तिथे मोडायला लागणारी सवड घटीने खाऊन टाकलेली असते. याच्या उलट असते, प्रोटॉन किंचित जड असता, तर हायड्रोजन टिकला नसता, पाणी झाले नसते आणि हा हिशेब मांडायला कोणी नसते. मी आठवीच्या पुस्तकात दोन्हींचे वस्तुमान १ लिहिलेले शिकवले आणि त्या वयाला ते योग्यच होते. तरी त्या १ आणि १ मधल्या सूक्ष्म फरकावर सगळे तोललेले आहे, हे निदान एका वाक्यात सांगायला हवे होते असे आता वाटते.

हायड्रोजनवरून खोडद आठवते. विज्ञान दिनाच्या सुमारास एकदा आम्ही मुलांना नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला नेले होते. सकाळची थंडी, बसमध्ये पोह्यांचा वास, आणि द्राक्षबागांच्या पलीकडे एकाएकी दिसलेली ४५ मीटर व्यासाची ती जाळीची ताटे. दूरच्या आकाशगंगांमधला हायड्रोजन जे रेडिओतरंग सोडतो तेही या दुर्बिणी पकडतात, असे तिथल्या एका तरुण संशोधकाने सांगितले. हायड्रोजनच्या साध्या अणूत न्यूट्रॉन नसतो. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, बस. मला वाटायचे, की निदान इथे तरी बेरीज बरोबर येत असेल. तशी ती येत नाही. इलेक्ट्रॉन प्रोटॉनशी बांधला जातो तेव्हाही घट येते, सुमारे सात कोटींत एक भाग. विश्वातल्या सगळ्यात साध्या जोडीलाही एकत्र राहण्यासाठी काहीतरी द्यावे लागते.

मग मला त्या रात्री एक प्रश्न पडला, जो मी आधी कधीच विचारला नव्हता. ८५ मिलिग्रॅमची ही घट कोणाच्या नावावर टाकायची? चार ग्रॅम प्रोटॉनांचे आणि सहा ग्रॅम न्यूट्रॉनांचे, असे मी वर लिहिले. पण बांधले गेल्यावर कोणता प्रोटॉन किती हलका झाला, कोणत्या न्यूट्रॉनने किती दिले, हे सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे मोजण्याचे साधन नाही असे नव्हे. तशी विभागणी अस्तित्वातच नसते. घट एकट्याची नसते, सगळ्यांची मिळून असते. आम्ही भावंडांनी आईच्या मागे सगळ्या गोष्टींची नीट वाटणी केली. भांडी, पुस्तके, देवघरातले टाक. भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. तरी शेवटी रिकाम्या खोलीत उभे राहिल्यावर भाऊ म्हणाला, “सगळं वाटलं, पण काहीतरी कमी भरतंय.” तो अभियंता आहे, फार बोलत नाही. मी त्या वेळी त्याला उत्तर दिले नाही.

अणुकेंद्राच्या आत आणखी एक पायरी उतरले, की हिशेब पूर्ण उलटा होतो, आणि तिथे मी खरोखर थबकले. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे क्वार्कांचे बनलेले असतात, अशी मांडणी १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी वेगवेगळी केली आणि पुढच्या प्रयोगांनी ती पटवली. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ क्वार्क, न्यूट्रॉनमध्ये एक ‘अप’ आणि दोन ‘डाउन’. सोन्याचा अणू त्याच्या भागांच्या बेरजेपेक्षा हलका असतो. म्हणून एखाद्याला वाटेल, की क्वार्कांची बेरीज प्रोटॉनपेक्षा थोडी जास्त येईल. ती येते सुमारे एक टक्का. प्रोटॉनचे वस्तुमान शंभर मानले तर त्याच्या तीन क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान मिळून एक. उरलेले नव्व्याण्णव कोणत्याही कणाच्या पदरचे नसते. त्या इवल्या जागेत क्वार्क प्रकाशाच्या जवळपास वेगाने कोंडलेले असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन, ज्यांना स्वतःचे वस्तुमानच नाही, अखंड देवाणघेवाणीत असतात. त्या कोंडलेल्या गतीची आणि त्या बंधनाच्या क्षेत्राची ऊर्जा म्हणजेच बहुतेक सगळे वस्तुमान. आइनस्टाइनचे १९०५ चे समीकरण आपण नेहमी वस्तुमानातून ऊर्जा काढण्यासाठी लावतो, इथे ते ऊर्जेतून वस्तुमान वाचायला लावायचे. २००८ साली युरोपातल्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने महासंगणकावर ही आकडेमोड प्रत्यक्ष करून दाखवली आणि प्रोटॉनचे वस्तुमान काही टक्क्यांच्या आत बरोबर आणले.

४ जुलै २०१२ ला सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉन सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या शिक्षक खोलीत वर्तमानपत्र हातोहात फिरले होते. ‘देवकण’ हा शब्द मला तेव्हाही आवडला नव्हता. सगळ्या वस्तूंना वस्तुमान देणारा कण, असे त्याचे वर्णन सगळीकडे झाले आणि मीही दुसऱ्या दिवशी वर्गात तसेच सांगितले. ते अपुरे होते. हिग्जच्या क्षेत्रामुळे क्वार्कांना आणि इलेक्ट्रॉनांना त्यांचे मूळ वस्तुमान मिळते, म्हणजे वेढणीच्या हिशेबात तो एक टक्का आणि वर ते २.२ मिलिग्रॅम. मी बिलाच्या उरलेल्या कोपऱ्यात ती शेवटची बेरीज केली. दहा ग्रॅम सोन्यातल्या सगळ्या क्वार्कांचे आणि इलेक्ट्रॉनांचे स्वतःचे असे वस्तुमान, न्यूट्रॉनांचा वाटा थोडा जास्त धरून, सुमारे ११५ मिलिग्रॅम येते. जुन्या मापात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा; तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची.

आईच्या वेढणीत कणांचे स्वतःचे म्हणावे असे वजन गुंजभरही नव्हते. बाकीचे सगळे बंधनाचे होते.

मी करंडा उघडून एक गुंज तळहातावर घेतली. तांबडीलाल, टोकाला काळा ठिपका, इतकी गुळगुळीत की ती हातावर आहे हे डोळ्यांनी पाहूनच कळत होते. आई सोन्याला कधी ग्रॅम म्हणाली नाही, ती गुंजभरच म्हणायची. तिच्या माहेरी सोनाराकडे गुंजांनी तोललेले तिने लहानपणी पाहिले होते आणि त्या नऊ गुंजा तिथूनच आल्या असाव्यात. शेवटच्या महिन्यात रुग्णालयात तिला खुर्चीसकट वजनकाट्यावर ठेवून खुर्चीचे वजन वजा केले होते. ३९ किलो. माणसाच्या शरीरात इलेक्ट्रॉनांचा हिस्सा हजारात ०.३ भाग असतो. तेही गणित मग हातातून होऊन गेले, थांबवता आले नाही. बारा ग्रॅमला थोडे कमी, म्हणजे एक तोळा. तिने आयुष्यभर जमवलेल्या सोन्याला आपण सवयीने तोळाच म्हणतो, आणि ती स्वतः जिवंत असताना जी ऊब होती, हाताला हात लागल्यावर जो स्पर्श जाणवायचा, कारण स्पर्श म्हणजे तिच्या आणि माझ्या त्वचेतल्या इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना अडवणेच असते, त्या सगळ्याचेही वजन एक तोळा. बिल दोन्ही बाजूंनी भरले होते. मी दिवा मालवला.

वेढणी कातरता येते. प्रोटॉन कातरता येत नाही. दोन क्वार्क एकमेकांपासून ओढू लागले तर त्यांच्यातले बंधन सैल होत नाही, उलट ओढण्यात घातलेली ऊर्जा वाढत जाते आणि शेवटी त्या ऊर्जेतून नवे क्वार्क जन्माला येतात. सुटा क्वार्क हाती लागत नाही. मला हे फार विलक्षण वाटते आणि खरे सांगायचे तर थोडे दुखतेही, कारण कात्रीचा तो कट्‌ आवाज अजून कानात आहे. आईने सांगितले तेच मी केले, निम्मे निम्मे केले, आणि तरी ती सबंध वेढणी आता या जगात नाही. एक तुकडा बंगळुरूला माझ्या मुलीकडे जाईल, तिने तो तसाच ठेवीन असे सांगितले आहे. दुसरा भाचीचा.

पुढच्या रविवारी भाची तिचा तुकडा न्यायला आली. मी तिला बिलाची पाठकोरी बाजू दाखवली आणि जेवढे आठवीच्या मुलीला सांगता येईल तेवढे सांगितले. ती न्यूट्रॉनपाशी रेंगाळली, क्वार्कांपाशी तिने दोनदा “म्हणजे?” विचारले आणि मीही दोनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितले. मग तिने करंड्यातल्या गुंजा ओट्यावर ओतल्या, केकसाठी आणलेला माझा स्वयंपाकघरातला काटा काढला आणि म्हणाली, “आत्या, गुंज खरंच भरते का बघू.” तो काटा ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. पहिली गुंज ठेवली, शून्य. दुसरी ठेवली, शून्य. तिने पंखा बंद केला आणि खिडकी लोटून घेतली. तिसरी, चौथी, पाचवी, प्रत्येक वेळी ती वाकून आकड्याकडे पाहत होती आणि आकडा हलत नव्हता. नववी गुंज तिने अलगद वरून सोडली. काटा क्षणभर एकवर गेला, पुन्हा शून्यावर आला, पुन्हा एकवर गेला. तिने श्वास रोखून धरला होता.